काटा डावीकडे

आधीच शपथ घेते, म्हणजे मग मधेच कोणी "पुरे आता" म्हणायला नको. यातला शब्द न् शब्द खरा आहे. खोटा असेल तर माझी कवळी चहाच्या कपात पडो, तीही पाहुण्यांसमोर. मांजरीनं दार ठोठावल्याची गोष्ट मी जरा ताणली होती, कबूल. बोकडानं चष्मा लावला होता ती तर बरीच ताणली होती. पण ही नाही. ही मी माझ्या डोळ्यांनी बघितली आहे, आणि तेव्हा मला चष्माही नव्हता.

आमची लाकडाची वखार होती. चढाच्या माथ्यावर, रस्त्याला लागून. पुढे ओंडके रचलेले, मधे पत्र्याच्या छपराखाली करवत, मागे आम्ही राहायचो. भुसा सगळीकडे. अंथरुणात भुसा, साखरेत भुसा. सासूबाई मला म्हणायच्या, "सूनबाई, तुझी वेणी पिळली तर एक फळी निघेल." प्रेमानं म्हणायच्या. बहुतेक.

ओंडके ओढायला एक ट्रॅक्टर होता. मामंजींनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, तो कोरा करकरीत असताना घेतलेला. तेव्हा लाल होता म्हणे. मी लग्न होऊन आले तोवर तो कुठल्याच रंगाचा राहिला नव्हता. मामंजींचा जीव दोघांवर, एक ट्रॅक्टर आणि दुसऱ्या सासूबाई. हा क्रम मी लावलेला नाही, खुद्द सासूबाईंनीच लावलेला आहे.

त्या हिवाळ्यात मामंजी अंथरुणाला खिळले. डॉक्टर येऊन गेले, छातीला नळी लावून बराच वेळ ऐकत बसले आणि बाहेर ओसरीवर येऊन म्हणाले, "हृदय थकलंय. जे मागतील ते द्या." पण मामंजी काही मागतच नव्हते. नुसते पडून. हातपाय बर्फासारखे. सासूबाई दिवसभर त्यांचे तळपाय चोळायच्या, रबरी पिशवीत गरम पाणी भरून पायाशी ठेवायच्या. पिशवी निवायची, पाय होते तसेच.

त्यांची खोली अगदी मागची. भिंतीच्या पलीकडे ट्रॅक्टरचं छप्पर. मधे एक लहानशी खिडकी होती. पलंगावर पडल्या पडल्या त्यातून ट्रॅक्टरचं मागचं चाक अर्धं दिसायचं आणि सीटचा पत्रा दिसायचा. बाकी काही नाही.

मामंजी पडले आणि पाठोपाठ ट्रॅक्टरची बॅटरी पडली.

सकाळी किल्ली फिरवली की नुसतं "टिक्". मग आम्ही तो ढकलायचो. वखार चढावर होती हे बरं होतं. फाटकातून उतारावर लोटायचा, आमचे हे वर बसून गियर टाकायचे, आणि तो खोकत, धूर ओकत सुरू व्हायचा. ढकलायला करवतीवरचे दोघं गडी, मी आणि सासूबाई. सासूबाई ढकलत नव्हत्या, कसं ढकलायचं ते सांगत होत्या.

ह्यांना वाटलं बॅटरी म्हातारी झाली. शेजारच्या ट्रकवाल्याची चांगली बॅटरी मागून आणली. ती दुसऱ्या सकाळी ठार. परत त्याच्या ट्रकला लावली तर तिला काही झालेलंच नव्हतं, तिथे ती मजेत चालली. तेव्हा हे म्हणाले, "तुझ्या भावाला बोलाव."

माझा धाकटा भाऊ ट्रॅक्टरची वायरिंगची कामं करायचा. त्याला सगळे ठिणगी म्हणायचे. एक तर तो वायरीला वायर लावून ठिणगी पाडून बघायचा, आणि दुसरं म्हणजे डोकं कधी भडकेल सांगता यायचं नाही. तोंडानं तर अशा फुशारक्या मारायचा की मी त्याच्यापुढे काहीच नाही. आमच्या घरातच आहे ते.

"ताई, तासाभराचं काम," तो पेटी ठेवत म्हणाला. "चहा टाक. तो उकळेपर्यंत फॉल्ट काढतो."

"कसला चहा करू? आज प्यायचा की उद्याचा?"

"भाऊजी, हिला आत पाठवा."

मी आत गेले नाही. आणि गेले नाही म्हणून तर तुम्हाला सांगता येतंय.

आता जरा लक्ष द्या, फार नाही, एवढंच. ट्रॅक्टरच्या इंजिनाला चिकटून एक डायनामो असतो. इंजिन फिरलं की पट्ट्यावर तो फिरतो, वीज करतो आणि बॅटरीत भरतो. मधे एक काळी डबी असते, तिला कट-आउट म्हणतात. डायनामो वीज द्यायला लागला की डबीत "टक्" होतं आणि वाट उघडते. चालवणाऱ्यासमोर एक मीटर असतो. त्याचा काटा मधे असला की काही देणं नाही, घेणं नाही. उजवीकडे गेला की बॅटरी भरतेय. डावीकडे गेला की बॅटरीतून कोणीतरी वीज खातंय. झालं. एवढ्यावर ठिणगीचं आयुष्यभर पोट भरलं.

आम्ही ट्रॅक्टर ढकलून सुरू केला आणि छपराखाली परत आणून उभा केला. दिवे बंद, हॉर्नची वायर काढलेली. ठिणगी सीटवर चढला. काटा डावीकडे.

"पट्टा ढिला," तो म्हणाला. अंगठ्यानं दाबून बघितला, डायनामो मागे ओढून बोल्ट आवळले. पट्टा तारेसारखा ताणला. काटा डावीकडे.

"कार्बन झिजलेत." डायनामोच्या ढुंगणाशी एक पट्टी असते ती काढली, आतले कार्बनचे तुकडे बदलले, तांब्याची गोल बाजू पॉलिश पेपरनं घासून अशी लख्ख केली की मला त्यात माझं नाक दिसलं. काटा डावीकडे.

"मग तो विसरलाय."

"कोण?"

"डायनामो. त्याच्या आतल्या लोखंडात थोडंसं चुंबक शिल्लक असतं, त्याच्यावर तो सुरू होतो. ते गेलं की तो नुसताच फिरत बसतो. बॅटरीची वायर टेकवून त्याला आठवण करून द्यायची."

"तुझ्या बायकोला सांगून ठेवते. तुलाही अशीच टेकवायला पाहिजे."

त्यानं वायर टेकवली. निळी ठिणगी उडाली. ट्रॅक्टर परत ढकलून सुरू केला. डबीत "टक्" झालं, मीही ऐकलं. वाट उघडली. आणि काटा डावीकडे.

चहा उकळून आटला होता. मी तो भरायला आत गेले, आणि मामंजी पलंगावर बसले होते.

टेकून नाही. बसले होते. पाय खाली सोडून. किती दिवसांत त्यांनी मानसुद्धा उचलली नव्हती. सासूबाई तळव्याशी हात धरून जमिनीवर तशाच थिजलेल्या.

"ट्रॅक्टरला कोण हात लावतंय?" मामंजी म्हणाले. आवाज बारीक होता, पण त्यांचाच.

"ठिणगी आलाय," मी म्हटलं.

"त्याला सांग, कार्बन फार घट्ट बसवलेत. आवाज येतोय."

सासूबाई माझ्याकडे बघून म्हणाल्या, "सूनबाई, यांच्या पायाला हात लाव."

पाय कोमट होते.

बाहेर ठिणगीनं इंजिन बंद केलं. मी पाय धरूनच होते. ते हळूहळू निवायला लागले. तव्याखालचा जाळ काढला की तवा निवतो ना, तसे. मामंजींनी एकदा खिडकीकडे बघितलं आणि आडवे झाले.

मी त्यांचं पांघरूण सारखं केलं आणि चहा गाळायला गेले. तुम्ही तरी काय केलं असतं?

ठिणगी दुसऱ्या दिवशी आला, तिसऱ्याही दिवशी आला. आता त्याची फुशारकी संपली होती आणि तो आमच्याकडे न बघता काम करत होता. मीटरच उलटा जोडला असेल म्हणून त्यानं मीटरच्या दोन्ही वायरी काढून अदलाबदल केल्या. तसं केलं की काटा दुसऱ्या बाजूला जायलाच हवा, हे लहान मुलालाही कळेल, म्हणाला. काटा डावीकडेच गेला. त्यानं परत बदलल्या. डावीकडे. तो सीटवर बसून राहिला आणि नुसता मीटरच्या काचेवर टिचकी मारत होता.

"ताई, डायनामो वीज करतोय. डबी वाट देतेय. वायर अखंड आहे. मग जातेय कुठे?"

"मला काय विचारतोस? सांडत असेल कुठेतरी."

"वीज म्हणजे काय दूध आहे सांडायला?"

मग त्यानं एक केलं. डायनामोच्या वायरी सोडवल्या आणि त्याला सरळ एक बल्ब जोडला. बॅटरी नाही, डबी नाही, मीटर नाही. डायनामोनं केलेली सगळी वीज त्या एका बल्बात. इंजिन चालू होतं. बल्ब असा पेटला की छपराखालचा भुसासुद्धा पिवळाधमक दिसायला लागला. ठिणगीचा चेहरा पहिल्यांदा हसरा झाला.

आतून मामंजींचा आवाज आला. "काढ तो बल्ब."

ठिणगीनं माझ्याकडे बघितलं. मी खिडकीकडे. खिडकीतून चाक दिसतं आणि सीट दिसते. बल्ब इंजिनाच्या पुढच्या अंगाला होता, आणि बाहेर भर दुपार होती.

"अरे काढ रे," मामंजी म्हणाले. आता त्यांना धाप लागली होती. "थंडी वाजतेय."

त्यानं वायर ओढून तोडलीच. हात भाजला त्याचा, पण "आई गं" म्हणाला नाही.

सगळं परत होतं तसं जोडलं. "टक्" झालं. काटा डावीकडे. आत सासूबाई म्हणाल्या, "आले, आले, गरम झाले पाय." जसं काही नळाला पाणी आलं.

त्या दिवशी ठिणगीनं पेटी आवरली. ह्यांनी विचारलं, "सापडला का फॉल्ट?" तो म्हणाला, "नाही भाऊजी." आणि मग आम्ही चौघं ओसरीवर बसलो. शेवटी सासूबाईच उठल्या, अंगावरचा भुसा झटकला आणि म्हणाल्या, "मला तुमचं ते टक् आणि टिक् काही कळत नाही. उद्यापासून ट्रॅक्टर रोज चालवायचा. ओंडके असोत नसोत. आणि ठिणगी, तू त्याला आता हात लावायचा नाहीस."

"अहो पण रोज ढकलायचा?" हे म्हणाले.

"तुझं पोट बघ. ढकल जरा."

आणि मग सुरू झाला तो काळ. काय सांगू तुम्हाला! रोज जेवणं झाली की आम्ही ट्रॅक्टर ढकलायचो. करवत बंद ठेवून गडी यायचे. एकदा तर रस्त्यानं चाललेलं एक अख्खं वऱ्हाड मी ढकलायला लावलं, नवरदेवासकट. ट्रॅक्टर छपराखाली आणून धडधडत ठेवायचा, आणि आत मामंजी उठून बसायचे. दाढी करायचे. दूध-पाव मागायचे, मग दूध नको चहा म्हणायचे. गड्यांच्या नकला करायचे. मला म्हणायचे, "सूनबाई, तू थापा छान मारतेस, पण मधे हसतेस. हसायचं नाही." ही विद्या मला कोणी दिली हे आता कळलं ना?

सासूबाईंनी ट्रंकेतले ठेवणीतले कपडे काढले. दोघं दुपारभर पत्ते खेळायची. सासूबाई लबाडी करायच्या आणि मामंजी ती न बघितल्यासारखं करायचे, आणि मग पाच पत्ते झाल्यावर एकदम म्हणायचे, "मांडीखालचा एक्का काढ." भिंतीपलीकडे ट्रॅक्टर धडधडत असायचा. खिडकीची काच बारीक थरथरायची. मी तांदूळ निवडत दारात बसायचे आणि मनात म्हणायचे, चालू दे बाबा, असंच चालू दे.

ट्रॅक्टर थांबला की मामंजी निवायचे. पण आता अगदी पूर्वीइतके नाही. संध्याकाळभर टिकायचे, दोन घास जेवायचे. मला वाटलं, तब्येत सुधारतेय. डॉक्टर आले तेही बुचकळ्यात पडले. "काय देताय यांना?" म्हणाले. ह्यांनी गंभीरपणे सांगितलं, "डिझेल."

एके दिवशी डिझेलच संपलं. भर दुपारी, अर्ध्या डावात, ट्रॅक्टर दोन आचके देऊन थांबला. हे डबा घेऊन धावले. मी आत डोकावले. मामंजी तसेच बसले होते, गालावर रंग तसाच. सासूबाईंनी नुसता त्यांचा हात हातात घेतला होता.

"वाटा पत्ते," मामंजी म्हणाले.

सासूबाईंनी दुसऱ्या हातानं गड्डी उचलली, आणि पत्ते त्यांच्या हातातून खाली पडले. सगळे.

मी ते उचलायला वाकले. उचलताना त्यांची बोटं माझ्या बोटांना लागली, आणि माझ्या अंगावर काटा आला. विहिरीच्या तळाचं पाणी असतं ना, तशी बोटं.

त्यानंतर मी लक्ष ठेवलं. सासूबाई उन्हात शाल घेऊन बसायच्या. सुईत दोरा ओवता येईना, मला हाक मारायला लागल्या. कशावरही ओरडेनाशा झाल्या, हे तर सगळ्यांत वाईट. त्यांची नखं निळसर दिसायची. ट्रॅक्टर बंद असला की त्या मामंजींचा हात धरून बसायच्या, आणि बसल्या बसल्या डोळा लागायचा.

एकदा असंच त्या हात धरून बसलेल्या असताना मी छपराखाली गेले. इंजिन बंद, किल्ली ह्यांच्या खिशात. काटा बरोबर मधे होता. आत सासूबाई पाणी प्यायला उठल्या, मला खिडकीतून दिसलं. त्यांनी हात सोडला.

काटा हळूच डावीकडे सरकला.

त्या परत येऊन बसल्या. हात धरला. काटा मधे आला.

मी ओसरीवर आले. सासूबाईंना बाजूला बोलावलं आणि म्हटलं, "तुम्ही त्यांचा हात धरू नका."

"का गं?"

"का ते तुम्हाला माहितेय."

त्यांनी शाल सारखी केली. "नवऱ्याचा हात धरायला सुनेला विचारायचं का आता?"

"बोटं बघा तुमची."

"थंडी आहे मेली."

"तुम्हाला काही झालं म्हणजे?"

"सूनबाई," त्या अगदी हळू म्हणाल्या, "तू तुझं काम कर. ट्रॅक्टर ढकल."

मी ह्यांना सांगितलं. ह्यांनी ठिणगीला निरोप धाडला. पण आम्ही काही करायच्या आधी मामंजींनीच बघितलं. सासूबाई हात धरून खुर्चीतच झोपल्या होत्या, मान कलंडलेली, ओठ पांढरे. मामंजींनी त्यांच्या नखांवरून आपला अंगठा फिरवला. एकेका नखावरून. मग आपला हात त्यांच्या हातातून सोडवून घेतला, अगदी अलगद, आणि पांघरुणाखाली लपवून ठेवला.

ठिणगी आला तेव्हा आम्ही नेहमीसारखा ट्रॅक्टर ढकलून सुरू केलेला होता. मामंजींनी त्याला आत बोलावलं.

"फॉल्ट काढ."

"आबा, सापडत नाही."

"सापडत नाही, की शोधत नाहीस?"

ठिणगी पायाच्या अंगठ्याकडे बघत राहिला.

"मी तो ट्रॅक्टर तुझ्या जन्माआधीपासून चालवतोय," मामंजी म्हणाले. "त्याचा काटा कुठे आहे ते मला झोपल्या जागी कळतं. बिघडलेलं यंत्र माझ्या छपराखाली राहिलेलं नाही कधी. काढ फॉल्ट."

"कोणी हात लावायचा नाही त्याला!" सासूबाई ओरडल्या. कितीतरी दिवसांनी ओरडल्या. आणि ओरडून इतक्या दमल्या की मला त्यांना धरावं लागलं.

मामंजी त्यांच्याकडे वळले. "तुला पत्ते पिसता येत नाहीत हल्ली. लबाडीसुद्धा करता येत नाही. अशा बाईला हरवण्यात मला काय मजा?"

"हरते मी. तुमचं काय जातं?"

"हरलेली बायको चालेल मला. गारठलेली नको."

"आणि माझं काय? मी काय करू इथे, भुसा मोजू?"

"भांड सूनबाईशी. ती चांगली भांडते."

सासूबाई हसल्या आणि रडल्या, दोन्ही एकदम. मग त्यांनी हात पुढे केला. मामंजींनी आपला हात पांघरुणाबाहेर काढला नाही.

"जा रे," ते ठिणगीला म्हणाले.

ठिणगी बाहेर गेला. हे ओसरीवर भिंतीकडे तोंड करून उभे. मी सासूबाईंना खिडकीपाशी स्टुलावर बसवलं आणि त्यांचे दोन्ही हात माझ्या हातांत घेतले. तिथून मला पलंगही दिसत होता आणि, जरा मान वळवली की, मीटरही.

ट्रॅक्टर धडधडत होता.

काटा डावीकडे.

ठिणगी मागच्या चाकाच्या मडगार्डखाली सरपटत गेला. बॅटरीपासून मागे एक वायर जायची, भिंतीला अगदी लागून. तो तिथे बराच वेळ चाचपत राहिला. मग म्हणाला, "ताई, इथे वायर सोललीय. पत्र्याला टेकतेय. सगळी वीज इथून पत्र्यात जात होती."

एवढंच होतं. एक सोललेली वायर.

त्यानं खिशातून काळी टेप काढली.

गुंडाळली.

काटा थरथरला. मधे आला. मग निघाला तो थेट उजवीकडे, शेवटच्या रेघेपर्यंत. मी त्या मीटरचा उजवा भाग तोवर कधी बघितलाच नव्हता.

माझ्या हातांतले सासूबाईंचे हात गरम झाले.

मामंजी आडवे झाले होते. त्यांनी आमच्याकडे तोंड केलं. सासूबाई माझे हात झिडकारून उठल्या, पलंगापाशी गेल्या, त्यांचे तळपाय मांडीवर घेतले आणि चोळायला लागल्या. रोज चोळायच्या तसेच. नेहमीसारखं पुटपुटत. मामंजी त्यांच्याकडे बघत होते. बघता बघता कधीतरी बघायचे थांबले.

सासूबाई म्हणाल्या, "इतक्यात बंद करू नका रे ट्रॅक्टर. आवाज आवडतो त्यांना."

आम्ही तो उन्हं उतरेपर्यंत चालू ठेवला. त्यानंतर त्याला कधी ढकलावं लागलं नाही. किल्ली फिरवली की पहिल्याच झटक्याला सुरू. सासूबाई पुढे पुष्कळ जगल्या, माझ्याशी रोज भांडल्या, आणि त्यांचे हात मरेपर्यंत असे उबदार होते की हिवाळ्यात माझी पोरं मला सोडून त्यांच्या कुशीत झोपायची. लोक अजून विचारतात, तेव्हा ट्रॅक्टरला काय झालं होतं? आम्ही सांगतो, वायर सोललेली होती. ठिणगीही तेच सांगतो, आणि लोक माना डोलवतात.

आता शपथ घेतलीच आहे, तर कवळी सांभाळायला पाहिजे. एक गोष्ट यात मी पदरची घातली. म्हणजे मी नाही, ठिणगीनं घातली, आणि मी तशीच चालू ठेवली, कारण नाहीतर त्याच्याकडे ट्रॅक्टर कोणी आणला असता?

वायर कुठे सोललेली नव्हती. त्यानं ती पार टोकापासून टोकापर्यंत चाचपली. मग तो मडगार्डखालून बाहेर आला, खिडकीशी उभा राहिला आणि दोन्ही हात पुढे करून आत म्हणाला, "आबा, खरंच काही नाही हो."

मामंजी सासूबाईंकडे बघत होते. ते त्यांनाच म्हणाले, "घे."

ठिणगीचे हात तसेच पुढे केलेले, रिकामे. आणि काटा उजवीकडे निघाला.